बीगल ऐकत नाही, तेव्हा त्याचं नाक काय करत असतं

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, नवरा-बायको दोघंही नोकरीला, घरात शाळकरी मुलगी. ब्रूनो नावाचा अकरा महिन्यांचा बीगल जातीचा कुत्रा. घरात गुणी, ‘बस’, ‘थांब’ सगळं येतं. बाहेर पडला की नाक जमिनीला लागतं आणि हाका मारून घसा बसला तरी मान वर होत नाही. दोनदा हातातून पट्टा सुटून पळाला, एकदा शेजारच्या सोसायटीच्या कचराकुंडीपाशी सापडला. दुपारी एकटा असला की असा हेल काढतो की खालच्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर तक्रार टाकली. ‘हा जातीनेच मठ्ठ आहे का, की आमचं काही चुकलं? ट्रेनर म्हणतो, शॉक कॉलर लावा.’

शॉक कॉलर, म्हणजे विजेचा धक्का देणारा गळपट्टा, लावू नका. ब्रूनो मठ्ठ नाही. तो तुमच्याकडे दुर्लक्ष करतो असं तुम्हाला वाटतं त्या वेळी तो काम करत असतो, आणि ज्या कामासाठी त्याची पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली तेच काम करत असतो. मी पुण्यात २२ वर्षं कुत्र्यांना शिकवते आहे, त्यातली बरीच वर्षं फक्त वासाच्या कामावर गेली. माझ्या स्वतःच्या घरी मंजी नावाची बीगल तेरा वर्षं होती. तिच्याकडून जे शिकले, ते आधी सांगते आणि मग ब्रूनोचं काय करायचं त्याकडे येते.

शिकारी कुत्र्यांत दोन घराणी आहेत. एक नजरेवर धावणारं, दुसरं वासावर. आपल्याकडच्या लोकांना पहिलं घराणं चांगलं ठाऊक आहे. लातूर, सोलापूर, सांगलीकडचा कारवानी पाहा: उंच, सडपातळ, पोट आत ओढलेलं, लांबवर माळावर काही हललं की सुटलाच. त्याची शिकार डोळ्यांनी सुरू होते आणि काही मिनिटांत संपते. बीगल दुसऱ्या घराण्यातला. त्याला सावज दिसायची गरजच नाही. सावज अर्ध्या तासापूर्वी जिथून गेलं तिथून तो काम सुरू करतो. म्हणून त्याची उंची कमी, खांद्यापर्यंत साधारण ३३ ते ४० सेंटीमीटर, अंग भरलेलं, पाय मजबूत आणि मान खाली घालून तासन्‌तास चालता येईल अशी. वेग त्याला फारसा दिलेलाच नाही, दिली ती चिकाटी.

इंग्लंडमध्ये बीगल रानसशामागे सोडत, आणि माणसं घोड्यावर नव्हे तर पायी त्यांच्या मागे जात. हे पायी जाणं महत्त्वाचं आहे, कारण त्याच्याच मापाने कुत्रा घडला. आजच्या बीगलचा पाया १८३० च्या दशकात एसेक्समध्ये फिलिप हनीवुड या पाद्र्याने पाळलेल्या टोळीत घातला गेला असं मानतात. १८९० मध्ये तिकडे बीगल क्लब निघाला. टोळीतली कुत्री एकेक मोजत नाहीत, जोड्यांनी मोजतात: दहा जोड्या, साडेबारा जोड्या. मला ही मोजणी फार बोलकी वाटते. या जातीत एकटं कुत्रं अर्धंच धरलेलं आहे. दुपारी रिकाम्या फ्लॅटमध्ये ब्रूनो का रडतो, त्याचं निम्मं उत्तर या मोजणीत आहे.

रानससा नुसता पळत नाही. तो मोठा फेर धरतो, पुन्हा आपल्याच टापूत येतो, मध्येच आल्या वाटेने उलटा फिरतो आणि मग बाजूला लांब उडी मारतो. माग तिथे तुटतो. टोळी थांबते, पांगते, गोल फिरून तुटलेलं टोक शोधते. त्या वेळी जाणता शिकारी काय करतो? गप्प उभा राहतो. हाका मारत नाही, कारण हाकेने मान वर होते आणि मान वर झाली की माग गेला. कुत्र्यांना स्वतःला कोडं सोडवू द्यायचं, अगदीच जमलं नाही तर मदत करायची, ही तिथली रीत.

आता ब्रूनोकडे बघा. नाक जमिनीला असताना जो कुत्रा धन्याच्या हाकेने विचलित होत होता, तो टोळीत निरुपयोगी ठरत होता. त्याची पिल्लं वाढवली गेली नाहीत. ज्याने हाक ऐकूनही माग सोडला नाही, त्याचा वंश वाढला. आपण आज त्यालाच हट्टी म्हणतो. मेंढपाळाचं कुत्रं दर दोन मिनिटांनी माणसाच्या तोंडाकडे बघतं, कारण त्याचं काम माणसाच्या इशाऱ्यावर चालतं. बीगल माणसाच्या पुढे शंभर पावलं, माणूस दिसत नसताना काम करणारा. निर्णय त्याने एकट्याने घ्यायचा असतो. बॉर्डर कॉली किंवा जर्मन शेफर्डच्या पट्टीने बीगलची हुशारी मोजली, तर तो कायम नापास दिसणार.

त्याच्या शेपटीचं टोकही पाहा. पांढरं असेल. जातीच्या इंग्रजी मानकात शेपटीचं टोक पांढरं असावं असं लिहिलेलं आहे, कारण उंच गवतात कुत्रा दिसेनासा होतो, पण उभी शेपटी दिसत राहते. आणि आवाज! बीगलला साधं भुंकणं येतंच, त्याशिवाय लांब हेल येतो आणि मागावर असतानाची खास हाळी येते. माग लागला की पहिलं कुत्रं हाळी देतं, बाकीची धावत येऊन नाकाने खात्री करतात आणि मग तीही सूर मिळवतात. मागे धापा टाकत येणाऱ्या माणसाला आवाजावरून कळतं की माग ताजा आहे, जुना आहे की तुटला. मंजीचं हे मला वर्षभरात कळायला लागलं होतं. मांजराच्या वासाला वेगळा सूर, मुंगसाच्या वासाला वेगळा. तुमच्या खालच्या काकांना जे असह्य होतं, ते कधीकाळी या कुत्र्याचं भूषण होतं. काकांना त्याचा काही उपयोग नाही हे मला मान्य आहे. त्यावर उपाय पुढे सांगते.

नाकाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते कळलं की रोजचं फिरवणं बदलतं. कुत्रं हुंगतं तेव्हा नाकात गेलेली हवा दोन वाटांनी फुटते. बहुतेक हवा फुप्फुसाकडे जाते. थोडा भाग नाकाच्या मागच्या कप्प्यात वळतो, जिथे वास ओळखणाऱ्या पेशींचं घडीघडीचं अस्तर असतं. श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून बाहेर पडते, त्यामुळे समोरून येणाऱ्या वासात ती फारशी मिसळत नाही. सेकंदाला पाचेक वेळा हा भाता चालतो. दोन नाकपुड्या दोन वेगळ्या जागची हवा ओढतात, म्हणून वास डावीकडून की उजवीकडून हेही समजतं. माणूस ज्या वाटेने गेला त्या वाटेच्या पाच पावलांवरून तो कुठल्या दिशेला गेला हे शिकलेलं कुत्रं ठरवू शकतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. पाचव्या पावलाचा वास पहिल्या पावलापेक्षा काही सेकंदांनीच ताजा असतो, आणि एवढा फरक त्या नाकाला पुरतो.

यातून एक गोष्ट तुमच्या कामाची निघते. जीभ बाहेर काढून धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. तोंडाने हवा घेऊन अंग गार करायचं की नाकाने वास घ्यायचा, दोन्ही एका वेळी धड होत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाच्या सुमारास बाहेर पडा, आणि काम देण्याआधी व अधूनमधून पाणी पाजा. उन्हाने तापलेल्या डांबरावर वास टिकत नाही, दवाने ओल्या गवतावर छान टिकतो. पावसाची भुरभुर झाल्यावरची सकाळ बीगलसाठी सणाची असते. अशा दिवशी त्याला ओढत ओढत अर्धा तास चालवून आणणं मला खरोखर अन्याय वाटतो.

या नाकाचं आजचं सर्वांत चांगलं काम मी विमानतळावर पाहिलं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगल ठेवायला सुरुवात केली. प्रवाशांच्या सामानातून येणारी फळं, मांस, रोपं शोधायची, म्हणजे त्यांच्यासोबत येणारी कीड आणि रोग अडवायचे. बीगलच का? नाक तर आहेच, पण गर्दीत कुणी घाबरत नाही. लहान मुलं, म्हाताऱ्या आजी, कुत्र्यांची धास्ती असलेली माणसं, सगळ्यांच्या पायांतून तो शेपटी हलवत जातो. त्यांचं प्रशिक्षण जॉर्जिया राज्यात न्यूनन इथे होतं. सुरुवात मोजक्या वासांनी करतात: सफरचंद, लिंबूवर्गीय फळं, आंबा, गोमांस, डुकराचं मांस. पुढे अनुभवाने कुत्रं कितीतरी जास्त वास शिकतं. वास लागला की भुंकायचं नाही, बॅग ओरबाडायची नाही, शांतपणे शेजारी बसायचं. त्याबद्दल लगेच खाऊ मिळतो. खाऊसाठी वेडा असणं, जो गुण तुम्हाला दोष वाटतो, त्यावरच ही सगळी नोकरी उभी आहे. यातली बरीच कुत्री बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यांतून आलेली असतात. २०१८ मध्ये अटलांटाच्या विमानतळावर हार्डी नावाच्या बीगलने इक्वेडोरहून आलेल्या सामानात भाजलेलं डुकराचं अख्खं डोकं पकडलं होतं. तोही निवाऱ्यातूनच आलेला.

या यादीत आंबा आहे हे मराठी माणसाने लक्षात ठेवावं. मुलीकडे शिकागोला जाताना माझ्या पुढे रांगेत आपल्याकडच्याच एक मावशी होत्या. हिरव्या जाकिटातला बीगल त्यांच्या ट्रॉलीपाशी आला, एकदा पुढे गेला, वळला आणि टपकन बसला. स्टीलच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून, साड्यांच्या मध्ये चार हापूस होते. मावशी म्हणाल्या, ‘अहो, डबा घट्ट लावला होता हो.’ घट्ट डबा आपल्या नाकाला पुरतो. ज्या हाताने आंबे भरले त्याच हाताने डबा, टॉवेल आणि चेन धरलेली असते, आणि कुत्र्याला तेवढं बास होतं. आंब्यावरची ही बंदी उगाच नाही. कोयीत राहणारी सोंड्याची कीड बाहेरून दिसत नाही. म्हणूनच २००७ मध्ये भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार उघडलं ते विकिरण करण्याच्या, म्हणजे किरणांचा मारा करून किडीचा बंदोबस्त करण्याच्या अटीवर, आणि तेव्हा हापूस नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रातून जाऊन मग पुढे गेला. ताजा कढीपत्ताही नेऊ नका, लिंबूवर्गीय झाडांना घातक रोग पसरवणारी कीड त्यावर असते.

आपल्याकडे पोलिसांत आणि सुरक्षा दलांत मुख्यतः लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉ दिसतात. बीगल बहुतेक घरीच, सोफ्यावर. नेमका तिथेच घोळ होतो. नोकरीसाठी जन्मलेल्या कुत्र्याला आपण बिनकामाचा ठेवतो, आणि मग तो स्वतःच काम शोधतो. कचराकुंडी हे त्याने शोधलेलं काम आहे.

आता ब्रूनोचं. आजपासून त्याची वाटी बंद करा. सकाळच्या खाण्यातला अर्धा भाग जुन्या पायपुसण्याच्या घड्यांत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, सोफ्याच्या पायांमागे विखरून ठेवा आणि ‘शोध’ म्हणा. पंधरा मिनिटं हुंगून खाल्लं की तो जेवढा दमतो तेवढा तासभर चालून दमत नाही. सकाळी कामावर निघायच्या आधी हे केलंत तर दुपारच्या रडण्यात आठवड्याभरात फरक दिसायला हवा. सगळं रडणं थांबणार नाही. एकटेपणाची सवय पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास अशी चढत न्यावी लागते, आणि तुमच्याकडे दोघंही बाहेर असताना दुपारी कुणीतरी येऊन त्याला फिरवणं लागेल. आजी, शेजारची कॉलेजची पोर, पैसे देऊन ठेवलेला माणूस, कुणीही चालेल. बीगलला आठ-नऊ तास एकटं ठेवून तो शांत राहील असं आश्वासन मी कुणालाच देत नाही. काकांना जाऊन भेटा, काय करताय ते सांगा, आणि त्रासाच्या वेळा त्यांच्याकडून लिहून घ्या. रडणं कधी सुरू होतं हे त्यांच्याइतकं तुम्हालाही ठाऊक नाही.

आठवड्यातून तीनदा माग काढायला न्या. मुलीला यात घ्या, मुलं यात फार रमतात. मोकळ्या गवताच्या तुकड्यावर मुलीने वीस पावलं सरळ चालायचं, पाय किंचित घासत, आणि सुरुवातीला प्रत्येक पावलात चिकनचा नखाएवढा तुकडा टाकायचा. शेवटी तिचा मोजा आणि त्यावर मूठभर खाऊ. ती लांबून वळसा घालून परत येणार, म्हणजे परतीचा माग त्यात मिसळणार नाही. दहा मिनिटं थांबा. ब्रूनोला गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीच्या हार्नेसला पाच मीटरचा दोर लावा, सुरुवातीच्या जागेवर आणा आणि गप्प राहा. त्याच्या मागे चाला. तो वाट चुकला तर ओढू नका, उभे राहा, तो फेर धरून परत येतो का बघा. बोट दाखवायचा मोह फार होतो, तो आवरा. जमेल तसं एक आड एक पावलात खाऊ, मग पाच पावलांनी एकदा, मग एक काटकोनी वळण. दोन महिन्यांत तो तीनशे पावलांचा, अर्ध्या तासाचा जुना माग काढू लागेल.

यातून हाकेचा प्रश्नही सुटायला लागतो. आतापर्यंत वासाच्या जगात ब्रूनो एकटा होता आणि तुम्ही त्यातून त्याला बाहेर ओढणारी माणसं होतात. आता हार्नेस चढवणारी, माग दाखवणारी, शेवटी खाऊ देणारी माणसंही तुम्हीच. मग अधूनमधून दोर न ओढता हाक मारायची, आला की भरपूर शाबासकी आणि लगेच पुन्हा ‘शोध’ म्हणून सोडायचं. हाकेनंतर काम संपत नाही हे त्याला पटलं पाहिजे. शॉक कॉलरने काय होतं तेही सांगते. धक्का बसतो त्या क्षणी त्याच्या नाकात जो वास असतो आणि समोर जे असतं, एखादं मूल, सायकल, दुसरं कुत्रं, त्याच्याशी तो वेदना जोडतो. इतकी वर्षं काम केल्यावर माझ्याकडे अशी कुत्री आली आहेत जी मुलांवर गुरगुरायला शिकली होती. बीगलचा स्वभाव इतका सोशिक की जगभरच्या प्रयोगशाळांनी प्रयोगांसाठी हीच जात सर्वांत जास्त वापरली. टोचलं तरी चावत नाही, म्हणून. २०२२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पैदास केंद्रातून सुमारे ४००० बीगल सोडवले गेले. त्या सोशिकपणाचा फायदा घेणारं यंत्र आपल्या घरच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधू नये, एवढीच माझी विनंती.

दोर मात्र काढू नका. तळजाईला, वेताळ टेकडीवर लोक कुत्री मोकळी सोडतात. तिथे मोर आहेत, आणि बीगलला मोराचा माग लागला की तो पाषाणच्या पंचवटीच्या बाजूला उतरून रस्त्यावर कधी आला हे त्यालाही कळत नाही. मोराचाही तो छळ आहे. घट्ट कुंपणाची जागा सोडली तर बीगल आयुष्यभर दोरावर, हा नियम मी मंजीसाठी तेरा वर्षं पाळला.

वजनाकडे लक्ष द्या. बीगलचं साधारण वजन ९ ते ११ किलो असायला हवं, पुण्यात मी १८ किलोचे पाहते. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. मागाचा आणि शोधाचा खाऊ रोजच्या खाण्यातूनच कापा. ओट्यावर काही ठेवू नका. मनुके आणि द्राक्षं कुत्र्याला विषारी आहेत, म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यावर नजर ठेवा. चॉकलेट आणि कांदाही नाही. लांब लोंबते कान वारा लागू देत नाहीत, पावसाळ्यात आत ओल राहते आणि संसर्ग होतो. आठवड्यातून एकदा कान उचलून वास घ्या, आंबूस वाटला किंवा तो डोकं झटकत असला तर डॉक्टरकडे. खोबरेल तेल घालू नका. गवतात माग काढून आल्यावर बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या मुळाशी, काखेत गोचीड बघा. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाने आपल्याकडे दरवर्षी चांगली धडधाकट कुत्री जातात.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत पण मैत्रिणीला पिल्लू हवंय असं शेवटी लिहिलंत म्हणून. ‘पॉकेट बीगल’ म्हणून जे महाग विकतात, ती वेगळी मान्यताप्राप्त जात नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत मनाई आहे. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. आणि तिच्या घरी दिवसभर कुणी नसेल, तर दुसरी जात बघायला सांगा.

ब्रूनोच्या पहिल्या मागासाठी येत्या रविवारी सकाळी सहाला बाहेर पडा. बरोबर एक वही ठेवा: तारीख, वेळ, गवत ओलं की कोरडं, वारा कुठून, किती पावलं, माग किती मिनिटांचा जुना, तो कुठे अडला आणि स्वतःहून कसा परत लागला. वही मुलीला लिहू दे. चार रविवार झाले की मला ती पानं पाठवा, म्हणजे वळण कधी घालायचं ते मी सांगते.